कणकेवरची चार बोटं

दुपारचं जेवण झालं की मला डुलकी लागते. डुलकीत ऐकलेल्या गोष्टीतलं खरं किती आणि माझ्या मनाचं किती, ते नंतर माझं मलाच निवडता येत नाही. तांदळातले खडे काढावे तसं बसावं लागतं. म्हणून हे लिहायला घेण्याआधी दादाला मी दोनदा विचारून घेतलं. त्याचं बोलणं आहे ते त्याचंच. वारा, वाळू आणि उन्हाचा रंग एवढं मात्र माझं असेल. ते रान मी कुठं बघितलंय?

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. साताऱ्याकडं आमच्या गावीच असतो, पंचाहत्तरी ओलांडलीय. ऐन तारुण्यात फौजेत गेला, पुढं पेन्शनीत आला आणि शेतात रमला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्या लेकानं त्याला इकडं करंजाड्याला आणलं. डॉक्टर पनवेलात, म्हणजे हाकेच्या अंतरावर. एक डोळा झाला होता, दुसऱ्याला महिनाभर वेळ होता. तोवर काळा चष्मा लावून तो आमच्या गॅलरीत बसायचा.

आमचं घर सातव्या मजल्यावर. समोर डोंगर, खाली अजून न बांधलेले प्लॉट, त्यात कमरेएवढं गवत. आणि आता वरून विमानं. नवीन विमानतळ झाल्यापासून ती इतकी खालून जातात की त्यांची पोटं दिसतात. दादा एकाच डोळ्यानं बघायचा आणि म्हणायचा, "बारके, ह्यांचा आवाज मागनं येतो बघ. आदी सावली, मग आवाज." मी सत्तरीला टेकले तरी त्याच्यासाठी बारकीच.

त्याचं खाणं म्हणजे भाकरी. ज्वारीची असो, बाजरीची असो, पण भाकरीच. चपातीला तो हात लावायचा नाही. आमच्या घरात हे इतकं जुनं आहे की कुणी विचारत नाही. आमची आई सगळ्यांना सांगायची, "लष्करात चपात्या खाऊन खाऊन माझ्या लेकाला वीट आलाय." पाहुण्यारावळ्यांत तेच, लग्नाकार्यात तेच. माझ्या सुनेला पण मी तेच सांगितलं. सून माझी बेलापूरच्या ऑफिसात जाते, मूळची रत्नागिरीची, तिला तांदळाची भाकरी येते पण ज्वारीची मोडते. तरी बिचारी म्हणाली, "आई, मामांसाठी मी शिकते." आणि शिकली. पहिल्या चार दिवसांच्या भाकऱ्या दादानं तुकडे जोडून खाल्ल्या. म्हणाला, "नकाशा चांगला काढतीस सूनबाय."

ते दिवस कसे होते ते तुम्हाला आठवत असेल. सीमेवर आपली निरपराध माणसं मारली होती, आणि टीव्ही दिवसभर पेटलेला असायचा. मी खोटं कशाला सांगू, मी पण त्या मारेकऱ्यांच्या नावानं कडाकडा बोटं मोडली. ज्यानं मारलं त्याला सोडू नये, हे मला आजही वाटतं. पण टीव्हीवरचं बोलणं हळूहळू दुसरीकडंच सरकत गेलं. एक बाई रोज यायची, नीटनेटकी, कपाळावर बट. ती म्हणायची, तिकडच्या जनतेचं मनोबल खचलं पाहिजे. पाणी तोडा, वीज तोडा, बाजार बंद पाडा. मग चित्र दाखवायचे. कुठल्याशा गावात पिठासाठी रांग लागलीय, बायका पिशव्या धरून उभ्या. लेक माझा उरणच्या बाजूला कंटेनर यार्डात कामाला, दमून आलेला असायचा. तो म्हणाला, "बघ आई, पीठ नाही त्यांच्याकडं. आता येतील लाईनवर."

आणि मी हसले. हे मुद्दाम लिहून ठेवते. मी हसले. दादा हसला नाही. उठून गॅलरीत गेला, एवढंच मी बघितलं.

त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीत ड्रिल झालं. हल्ला झाला तर काय करायचं त्याची रंगीत तालीम. सेक्रेटरींनी आदल्या दिवशी ग्रुपवर टाकलं होतं, अकरा वाजता भोंगा होईल, सगळ्यांनी आहे ते काम सोडून जिन्यानं खाली यायचं. भोंगा कसला, गणपतीतला आमचा स्पीकर आणि त्याला लावलेला सेक्रेटरींचा मोबाईल. पण वाजला तेव्हा काळजात चर्र झालं बघा. सून ओट्यापाशी कणीक मळत होती, सुट्टी होती तिला. हात कसेबसे धुऊन ती धावली. मी मागं राहिले, गॅस बघितला. ओट्यावर परातीत कणकेचा गोळा, गुळगुळीत, गोरापान. मी त्यावर चार बोटं दाबली, ओलं फडकं टाकलं आणि निघाले.

ही आमच्याकडची रीत. मळलेला गोळा गुळगुळीत ठेवू नये, पिंडासारखा दिसतो. बोटं उमटवली की तो मेलेल्यांचा राहत नाही, जित्याजागत्या माणसांचा होतो. आईनं मला शिकवलं, मी सुनेला सांगते, ती विसरते, मग मी जाता-येता दाबत राहते. हाताला आता डोकं लागत नाही त्याला.

जिन्यात मज्जाच होती. एकीनं दागिन्यांचा डबा छातीशी धरलेला, तर दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या हातात एसीचा रिमोट. त्यांनाही कळेना तो का आणला. दादा भिंतीला धरून उतरत होता आणि प्रत्येकाला म्हणत होता, "डाव्या अंगानं चला, उजवी बाजू मोकळी ठेवा." नवव्या मजल्यावरच्या मिशीवाल्या गृहस्थांनी त्याचं कोपर धरलं. हे गृहस्थ ग्रुपवर रोज सकाळी झेंडा टाकतात, आणि भांडायला सगळ्यांच्या पुढं. पण माणूस मदतीचा. खाली पोचल्यावर त्यांनीच सेक्रेटरींना ओरडून सांगितलं, "अहो, हे काका फौजी आहेत!"

सेक्रेटरी पळतच आले. "काका, तुम्ही लढाई बघितलीय?"

"एक बगितली."

"मग झालं तर! या रविवारी आपण हॉलमध्ये छोटा प्रोग्रॅम ठेवलाय. तुमचा सत्कार करू, शाल-श्रीफळ. आणि तुम्ही दोन शब्द बोला. मुलांना जोश आला पाहिजे, काय?"

दादा म्हणाला, "बरं." त्याला वाटलं असेल, दोन शब्द म्हणजे दोनच.

वर यायला आम्हाला वेळ लागला. लिफ्ट ड्रिलसाठी बंद होती. तिसऱ्या मजल्यावर मी बसले, दादा पुढं गेला. मी घरात आले तर तो ओट्यापाशी उभा. काळा चष्मा काढून हातात धरलेला, डॉक्टरनं तो काढू नका म्हणून बजावलं असूनही. फडकं त्यानं बाजूला केलं होतं. सून एका कोपऱ्यात उभी, तिला काय करावं कळेना.

"ही बोटं कुनाची?" त्यानं विचारलं.

"माझी. आणि कुणाची?"

"कवा उमटवली?"

"भोंगा झाला तेव्हा. जाता जाता. का रे?"

तो खाली फरशीवर बसला. सुनेनं पाणी दिलं, ते प्याला. म्हणाला, "आज जेवत न्हाई मी." आणि गॅलरीत आपल्या खुर्चीवर जाऊन बसला.

आम्ही जेवलो. म्हणजे मी दोन घास कसेबसे. मग मी त्याच्याजवळ झोपाळ्यावर जाऊन पडले. ऊन गवतावर पसरलेलं, पाखरं गप्प, एक विमान गेलं आणि त्याची सावली आमच्या अंगावरून, दादाच्या अंगावरून, समोरच्या डोंगरावरून अशी सरकत गेली. माझे डोळे जड झाले. तेव्हा तो बोलायला लागला. माझ्याकडं बघून नाही, डोंगराकडं बघून.

"आसंच ऊन व्हतं," तो म्हणाला.

वाळवंटाच्या बाजूची सीमा होती. त्यांची तुकडी सीमा ओलांडून पलीकडं गेली होती. मी तेव्हा परकरी पोर, चौथीनंतर शाळा सुटलेली, गावात कुणी विचारलं की छाती फुगवून सांगायचे, माझा दादा लढाईत आहे. लढाई म्हणजे मला वाटायचं, दोन्हीकडं माणसं उभी असतात. दादा म्हणाला, त्या गावात माणूसच नव्हतं. पाच-सहा घरं, गोल, वर गवताचं छप्पर, आपल्या रानातल्या खोपीसारखी. चुली गरम. थोडा वेळ आधीच उठून गेली होती माणसं. एक कोंबडी तेवढी फिरत होती, आपल्याच घरात फिरावी तशी.

साहेब तरुण होता, दादाच्याच वयाचा. त्यानं सांगितलं, कडब्याच्या गंज्या आणि धान्याच्या कोठ्या पेटवा, विहिरीचे दोर तोडा. "आदमी को हाथ नहीं लगाना. सिर्फ हौसला तोड़ना है इनका."

"साहेब चांगला व्हता," दादा मला म्हणाला. "खोटं बोलनार न्हाई. एका बी मानसाला आमी दुखावलं न्हाई तिथं. कुनी व्हतंच न्हाई."

पेटवायच्या आधी घरं रिकामी आहेत का बघायला त्याला आत धाडलं. पहिलं घर रिकामं. दुसरं रिकामं. तिसऱ्यात तो वाकून शिरला. आत अंधार, बाहेरच्या उन्हानं डोळे दिपलेले, थोडा वेळ काही दिसेना. मग दिसली चुलीपाशी लाकडाची कठवट. तिच्यावर ओलं फडकं. त्यानं बंदुकीच्या टोकानं फडकं उचललं. खाली कणकेचा गोळा, आणि गोळ्यावर चार बोटं.

"मला वाटलं, आई हितं कशी आली?"

हे तो म्हणाला तेव्हा मी झोपेत होते की जागी, देव जाणे. पण मला ते घर दिसलं. वाळूत आमच्याच घराची चूल दिसली, आई पाठमोरी बसलेली. तिनं मान वळवली नाही. मी तिला हाक मारतेय आणि माझ्या तोंडातून वाळू पडतेय. मी दचकून उठले. झोपाळा हलत होता आणि दादा तसाच डोंगराकडं बघत होता.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. भायेर आलो. म्हनालो, घर खाली है साहब."

काडेपेटी त्याच्याच हातात दिली. गंजी त्यानंच पेटवली. घर पेटवायचा हुकूम नव्हता, पण वारा फिरला, आणि गवताच्या छपराला किती वेळ लागतो? तिसरं घर सगळ्यांत आधी गेलं. धूर सरळ वर न जाता आडवा गेला, आणि धूर विरळ झाला तेव्हा पलीकडच्या टेकाडावर माणसं दिसली. बायका, म्हातारी, पोरं. ओळीनं उभी. आपलं घर जळताना बघत.

"ओरडली असतील," मी म्हणाले.

"न्हाई. कुनीच न्हाई ओरडलं. नुसती हुबी."

मी बाईमाणूस. मला लढाईतलं काय कळतं? माझ्या तोंडून आपलं निघून गेलं, "अरे, मग ती कठवट बाहेर का नाही काढून ठेवलीस?"

दादानं पहिल्यांदा माझ्याकडं मान वळवली.

"तेच," तो म्हणाला. "तेच तर. तेच मी पन्नास वर्सं सोताला इचारतोय. हुकूम व्हता गंजीचा. कठवटीचा कुनी हुकूम दिला न्हवता. दोन हातांनी उचलून भायेर ठिवली आसती तर कोन मला गोळी घालनार व्हतं? साहेब हसला आसता फार तर."

पुन्हा म्हणाला, "ती टीव्हीवरची बाई म्हनती मनोबल, मनोबल. तिला कुटं ठाव हाय ते दिसतं कसं. मला ठाव हाय. वर वल्लं फडकं टाकलेलं आसतं त्येच्यावर."

तेव्हा मला त्याच्या भाकरीचं कळलं. भाकरीचं पीठ एकेका भाकरीपुरतं मळायचं, थापायचं, तव्यावर टाकायचं. गोळा करून ठेवणं त्यात नाहीच. आई आमची जन्मभर सांगत राहिली, चपात्या खाऊन वीट आलाय म्हणून. आणि तो जन्मभर तिला तसं सांगू देत राहिला.

संध्याकाळी चहा घेताना त्यानं मला विचारलं, "आयतवारी मी काय बोलू, बारके?"

आता इथं मी चुकले. मला भीती वाटली. नव्या घरात आम्ही चार वर्षं राहतोय, लेकाचं नाव आहे, सून चार बायकांत मिसळते. आणि दिवस असे, की कुणी काय म्हणेल सांगता येत नव्हतं. मी म्हणाले, "दादा, हे नको काढूस. वाळूत राहिलात, पाणी नव्हतं, उपाशी चाललात, ते सांग की. लोकांना तेवढंच पायजे."

"बरं," तो म्हणाला. आणि त्याचं तोंड असं मिटलं की दोन दिवस उघडलं नाही. भाकरी समोर आली की खायची, औषध घातलं की डोळा मिटायचा. मी काही बोलले की हूं. माझ्यासारख्या बडबडीला घरात असं कुणी गप्प बसलं की आपलाच आवाज परका वाटायला लागतो.

शनिवारी सकाळी नळाला पाणी आलं. मी कळशी भरत होते. कळशी भरत आली की आवाज बदलतो, तुम्हाला माहीत असेल, खालून वर चढत जातो. तो ऐकता ऐकता मी उभी राहिले ती तशीच राहिले. पाणी वाहून गेलं तरी मला भान नाही. मग नळ बंद करून सरळ गॅलरीत गेले आणि दादाला म्हणाले, "तुला एक सांगायचंय. मध्ये बोलू नकोस."

लेक लहान होता तेव्हा आम्ही तुर्भ्याला राहायचो. माझे मालक बाजारात माथाडी, डोक्यावर गोणी वाहायचे. मी धान्याच्या गाळ्यांवर पाखडायला जायचे. अक्षरांचा सराव सुटला होता तो मी गोणपाटावरचे छाप वाचून परत केला. दहा खोल्यांची आमची ओळ आणि सगळ्यांना मिळून एक नळ. त्या नळावर आम्ही काय भांडायचो! झिंज्या धरायचो, एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरायचो. पण एक नियम होता, कुणी केलेला माहीत नाही, सगळ्या पाळायच्या. भरलेला हंडा सांडायचा नाही. रिकामा लाथाडा, रांगेतून फेका, चालेल. भरलेल्याला हात लावायचा नाही.

मग संप झाला. सगळे पुरुष घरी बसले, आणि आमच्या ओळीतला एकजण कामावर गेला. लपून नाही, सरळ गेला. पुरुषांनी त्याला दम दिला, त्यानं ऐकलं नाही. मारायची सोय नव्हती, पोलीस उभे. तेव्हा आम्ही बायकांनी ठरवलं, की याच्या बायकोला टेकीला आणायचं. ती टेकीला आली की तो येतोच. बोलणं बंद, विस्तव बंद, पाणी बंद. तरी ती पहाटे येऊन सगळ्यांच्या आधी भरून जायची. एके दिवशी मी तिच्याआधी जाऊन बसले. तिचा हंडा भरू दिला, पार काठोकाठ भरू दिला, आणि पायानं कलंडला.

"तू?" दादा म्हणाला.

"मीच. माझ्या अंगात आलं होतं. आणि मी तयारीत होते, ती आता शिव्या घालेल, मी दुप्पट घालीन. ती काहीच बोलली नाही रे. हंडा उभा केला आणि त्याच्याशेजारी बसली. पाणी तिच्या पायाखालून गेलं. आठ दिवसांत ते खोली सोडून गेले. ओळीत सगळ्या म्हणाल्या, जिंकलीस बाई. भांडण आमचं तिच्या नवऱ्याशी होतं आणि सांडलं मी तिच्या पोरांचं पाणी. तो शेवटपर्यंत कामावर जातच राहिला."

"तिची माफी मागितलीस?"

"कुठं शोधू?"

"मग?"

"मग काय. आज तुला सांगितलं."

"हलकं वाटतंय?"

मी नीट विचार केला. त्याला खोटं सांगायचं नव्हतं. "नाही," मी म्हणाले. "पण आत्तापर्यंत मी म्हणायचे, आम्ही बायकांनी केलं. आज पहिल्यांदा म्हणाले, मी केलं."

दादानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "म्हंजे मला वाळूत उपाशी चाललो ते सांगाया सांगत व्हतीस, आन् सोता हंडा दडवून बसली व्हतीस व्हय गं?"

"तुझीच बहीण आहे," मी म्हणाले.

रविवारी सकाळी हॉलमध्ये शंभरेक खुर्च्या. फुगे लावलेले, कशाला ते कळलं नाही, आदल्या दिवसाच्या वाढदिवसाचे असतील. पोरींनी ओवाळलं. सेक्रेटरींनी दादाची ओळख करून दिली, ती जरा वाढवूनच. लेक माझा पुढं उभा राहून मोबाईलवर चित्रण करत होता. सून शेजारी बसली होती, तिनं माझा हात घट्ट धरला. तिला मी आदल्या संध्याकाळी सगळं सांगून टाकलं होतं.

दादा उठला. माईक त्यानं हातात न घेता टेबलावर ठेवला. तरी आवाज पोचला. त्यानं ते सगळं सांगितलं, माझ्यापेक्षा निम्म्या शब्दांत. गाव, गंजी, कठवट, बोटं. म्हणाला, "लढनाऱ्याशी लढाई कराया मी गेलो व्हतो, आन् ती केली. तिची मला लाज न्हाई. पुना वय मिळालं तर पुना जाईन. पर त्या दिवशी तिथं लढनारं कुनी न्हवतं. मी एका बाईच्या जेवनाशी लढलो. ते मी जिंकलो आसं मला वाटत न्हाई. येवडंच."

वरून एक विमान गेलं, पण मान वर करून कुणी बघितलं नाही. लेकाचा मोबाईल धरलेला हात खाली आला होता.

नववा मजला उठला. मिशा थरथरत होत्या. "काका, मान आहे तुमचा. पण ऑर्डर होती! तुमचा काय दोष?"

"आडर व्हती. पर काडी माझ्या हातात व्हती."

"आणि त्यांनी आपलं काय केलं ते? ते पण सांगा ना मुलांना!"

"ते त्येंनी सांगायचं," दादा म्हणाला. "त्येंनी सांगावं, माझी लय इच्चा हाय. पर त्येंचं मी कसं सांगू? माझं मी सांगितलं."

मागून कुणीतरी "वय झालंय" असं पुटपुटलं. दुसऱ्या कोपऱ्यात टाळी वाजली, एकच, आणि लाजून थांबली. सेक्रेटरी बिचारे शाल घेऊन उभे. पुढं यावं की मागं जावं त्यांना कळेना. दादाच म्हणाला, "पांघरा की. उकडतंय, पर आनलीच हाय तर पांघरा." तेव्हा कुठं लोक थोडे हसले, आणि खुर्च्या सरकल्या. चहाच्या वेळी आमच्याजवळ फार कुणी आलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई तेवढ्या आल्या, दादाच्या पायाला हात लावून काही न बोलता गेल्या.

लेक आणि सून खुर्च्या आवरायला थांबले. मी दादाला घेऊन लिफ्टपाशी आले. दार मिटत होतं तेवढ्यात एक हात मध्ये आला, आणि मिशीवाले गृहस्थ आत शिरले. जागा एवढीशी. मी मनात म्हटलं, आता इथं नको रे बाबा. त्यांनी आमच्याकडं न बघता सात दाबला, मग नऊ दाबला. लिफ्ट निघाली.

चौथ्या मजल्याच्या आसपास ते म्हणाले, "काका, मला पटलं नाही."

"नगं पटू दे."

"मला अजून वाटतं, त्यांना धडा शिकवलाच पाहिजे."

"शिकवा की. ज्यानं केलं त्येला शिकवा."

समोरच्या आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता, आणि तो चेहरा ग्रुपवर झेंडा टाकणाऱ्याचा नव्हता. घरी जाऊन बायकोला आज काय सांगायचं, याची जुळणी करणाऱ्या माणसाचा होता. दार उघडता उघडता ते घाईनं म्हणाले, "पण काका, तुम्ही हे सांगायला नको होतं. आता झोप नाही लागायची मला."

दादा शाल सावरत बाहेर पडला आणि वळला. किती मायेनं बोलला म्हणून सांगू.

"लागंल की," तो म्हणाला. "मला बी लागायची. पन्नास वर्सं, रोज, आडवं झालं की लागायची. त्येचंच तर वाईट वाटतं."

दार मिटलं आणि लिफ्ट वर गेली.